चकतीची दुसरी घडी

माशाची घडी घालून बघतात असं सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या धंद्यात सगळं त्या घडीवर असतं. माशाचं काटे काढलेलं मांस मीठ आणि बर्फ घालून मळायचं, त्याची लांबट वळी करून उकडायची, गार झाली की पातळ चकती कापायची आणि ती रुमालासारखी दुमडायची. एका घडीला भेग पडली नाही तर माल बरा. तीच घडी पुन्हा दुमडून चौघडी केली आणि तरी तुटली नाही, तर माल उत्तम. आणि पहिल्याच घडीला दोन तुकडे झाले तर कितीही गोड बोला, काही उपयोग नाही. असल्या मांसाचे गोळे तेलात सोडले की फुटतात आणि कढईत नुसता चुरा फिरत राहतो.

बंगळूरात यशवंतपूरला रेल्वेच्या बाजूला माझी शेड आहे. मासे स्वच्छ करायचे, यंत्रातून काढून काटा आणि मांस वेगळं करायचं आणि त्याचे गोळे, कटलेट, वड्या करून गोठवून विकायच्या. बांगडा, सुरमई ही मानाची मासळी मी घेत नाही. मी घेते राणी मासा. गुलाबी, काटेरी, जाळ्यात आपोआप येणारा, घरी शिजवायला कोणी फारसा मागत नाही असा. त्याचं मांस पांढरंशुभ्र निघतं आणि नीट मळलं तर रबरासारखं धरतं. ज्या माशाकडे बाजारात कोणी वळून बघत नाही त्याचं मुलं मागून खातील असं अन्न करायचं, हा माझा धंदा. मला तो कोणी दिलेला नाही. नवरा गेल्यावर मी तो घरच्या ओट्यावर सुरू केला.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी शेड राहणार की जाणार हे ठरायचं होतं. दुकानांमधली विक्री आटली होती. ती का आटली ते पुढे सांगते. हेब्बाळला मुलींचं एक खाजगी क्रीडा वसतिगृह आहे. धावणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या मुली. त्यांना रोज भरपूर प्रथिनं लागतात, पण निम्म्याहून जास्त मुली आतल्या जिल्ह्यांतल्या, काट्याचा मासा ताटात आला की उठून जाणाऱ्या. त्यांच्या आहाराचं बघणाऱ्या बाई माझा माल बघायला येणार होत्या. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर महिनाअखेर शेडला कुलूप. हे मी माझ्याकडच्या बायकांना आधीच सांगून टाकलं होतं. लपवून ठेवायची मला सवय नाही.

पहाटे बाजारात मंगळूरची गाडी आली तेव्हा मी तिथे उभी होते. मासेवाला दर वेळी मला शिकवायला बघतो आणि दर वेळी स्वतःच शिकतो. त्याने वरच्या थरात ताजा माल ठेवून खाली आदल्या दिवसाचा भरला होता. मी पेटीत कोपरापर्यंत हात घातला, तळातला एक मासा काढला आणि त्याचे कल्ले उघडून त्याच्यासमोर धरले. तो म्हणाला, अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी, म्हणजे जरा सांभाळून घ्या. मी म्हटलं, ज्या मुली हे खाणार आहेत त्या कुस्ती खेळतात, त्यांना तुझा पत्ता देऊ का? तो हसला आणि नवी पेटी उघडली. मी तेवढ्यावर थांबले नाही. माझा वेळ घेतला म्हणून आणखी एक पेटी त्याच भावात बर्फासकट मागून घेतली. ती पेटी नसती तर आज मी हे लिहीत बसले नसते.

सासूबाई माझ्याबरोबर शेडमध्ये येतात. घरी एकट्या राहत नाहीत. वेंगुर्ल्याचं घर बंद झाल्यापासून त्या माझ्याकडेच आहेत. त्यांना धाकटा मुलगा आहे, माझा दीर. तो बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि सणाला मिठाईचा खोका पाठवतो. शेडमध्ये पुढच्या खोलीत सासूबाईंची खुर्ची आहे. तिथे बसून त्या लसूण सोलतात आणि माझ्या बायकांशी मालवणीत बोलतात. बायका कन्नडमध्ये उत्तर देतात. दोन्हीकडच्यांना सगळं समजतं असं दोन्हीकडच्यांना वाटतं.

सकाळी काम नीट चाललं होतं. मासे कापले, यंत्रातून मांस निघालं. आता ते बर्फाच्या पाण्यात तीनदा धुवायचं होतं. धुतल्याने रक्त, तेल आणि वास जातो आणि धरणारं तेवढं मांस उरतं. दुसरं धुणं चालू असताना फाटकावर बर्फाची गाडी आली आणि लाद्या कमी निघाल्या. मी बाहेर गेले. गाडीवाल्याशी माझं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, बर्फ वाटेत वितळला. मी म्हटलं, मग पाणी कुठे आहे ते दाखव. तो वळून परत जाऊन उरलेल्या लाद्या घेऊन आला, पण त्यात माझा बराच वेळ गेला. परत आले तेव्हा मांस पिळून मळायच्या भांड्यात पडलं होतं. त्यावर किंचित गुलाबी झाक होती. राणीच्या कातडीचा रंग कधी कधी थोडा उतरतो, म्हणून मला काही वाटलं नाही. मळलं, वळ्या केल्या, उकडल्या.

दुपारी गाडी थांबली. आधी बाई उतरल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट. त्यांच्या मागून माझा दीर उतरला.

बाई हिंदीत म्हणाल्या, हे आमचे सल्लागार, माल तपासायला आले आहेत. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

आता विक्रीचं सांगते. हा दीर शिकायला बंगळूरला आला तेव्हा माझ्या घरी राहिला. अन्नप्रक्रियेचं शिकत होता. मांस धुण्याची रीत त्याने पुस्तकातून आणली, मान्य आहे. चव, तिरफळ, मळणं आणि दारोदार फिरून दुकानं मिळवणं माझं. मग दोन मित्र मिळाले, गुंतवणूकदार मिळाले, आणि हा एका सकाळी वेगळा झाला. वेगळं व्हायला माझी हरकत नव्हती. पण मी पायपीट करून जोडलेल्या एकेका दुकानात जाऊन त्याने सांगितलं की वहिनींनी धंदा बंद केला, आता तोच माल आमच्याकडे मिळेल. मी शेडमध्ये गोळे वळत होते आणि दुकानदारांच्या लेखी मी संपले होते. पुढे गुंतवणूकदार निघून गेले, त्याचं नाव पाकिटांवरून गेलं आणि हा सल्लागार झाला. माझी दुकानं मात्र परत आली नाहीत.

तो म्हणाला, "वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं की ही तुमची शेड आहे. नाव बदललंय तुम्ही."

"बदलावं लागलं," मी म्हटलं. "जुन्या नावाचा धंदा बंद झालाय असं कोणीतरी सांगत फिरत होतं."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. हात धुतले, टोपी घातली आणि आत गेल्या. मी वळी आणली, चकती कापली आणि ताटलीत ठेवून दिराच्या पुढे सरकवली. माझ्या मनात होतं, बघ आता.

त्याने चकती उचलली, दुमडली. मधोमध तुटली.

त्याने दुसरी घेतली. तीही तुटली, आणि नुसती तुटली नाही, कडेने भुगा पडला. मी माझ्या हाताने तिसरी कापली. सुरी घालतानाच मला कळलं. माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई, जिला मी अक्का म्हणते आणि जी मलाही अक्का म्हणते, ती मळायच्या भांड्याला टेकून खाली बघत होती.

माझं डोकं फिरलं. पहिला संशय मासेवाल्यावर गेला. त्याला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. तो शपथा घेत राहिला. फोन ठेवला आणि अक्कावर घसरले. बर्फ कमी पडला का, मीठ आधी घातलं का, कोणी गरम हाताने मळलं का. ती म्हणाली, सगळं नेहमीसारखं केलं. पण माझ्या डोळ्यांत बघत नव्हती.

एवढा वेळ दीर तुटलेल्या चकतीचा तुकडा चघळत होता. चघळता चघळता थांबला. मला वाटलं आता इंग्रजीत काहीतरी सांगेल. तो हळूच, आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "वयनी, आये हय इली हा काय?"

"पुढच्या खोलीत आहेत," मी म्हटलं. "रोज असतात. तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही."

"ह्यात आगळ आहे," तो म्हणाला.

आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आमच्याकडे मासा घरात आला की त्याला आधी मीठ आणि आगळ चोळतात. त्याने वास जातो. आईच्या पोटातून शिकून आल्यासारखं आमच्याकडे हे प्रत्येक बाई करते. पण गोळ्याच्या मांसाला आंबट लागलं की संपलं. ते न शिजताच शिजल्यासारखं होतं आणि मग मीठ घालून कितीही मळा, धरत नाही.

सासूबाई आमचे आवाज ऐकून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांना लपवायचं काही सुचलंही नाही. "वासट लागतला पोरींक," त्या म्हणाल्या. "घाटावरची पोरां ती. म्हणान धुवच्या पाण्यात दोन पळी घातलंय. घरात घालतंव तसा." अक्का मला कन्नडमध्ये म्हणाली, तुझी सासू आहे, तिचा हात मी कसा धरणार होते?

सासूबाईंवर मी ओरडले नाही. ओरडायला समोर दुसरं माणूस होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही सांगत फिरलात की वहिनींनी बंद केलं. आज खरंच बंद करायला आलात का? तेव्हा रेसिपी घेऊन गेलात, आईला ठेवून गेलात. बघा, आज आईच तुमच्या कामी आली."

"वहिनी, प्लीज. मॅडमसमोर नको."

"त्यांना कुठे मराठी कळतंय."

बाईंनी हातातली ताटली खाली ठेवली. "मी निपाणीची हाय ओ," त्या म्हणाल्या. "सगळं समजतंय मला."

दीर भिंतीकडे बघत होता. मी एरवी कोणासमोर गप्प बसत नाही, तिथे बसले.

बाई शांतपणे बोलत राहिल्या. "चकती मोडली, ते सोडा. एखादा दिवस मोडती. पण आत कोण काय घालतंय ते तुम्हालाच ठाऊक नाही, हे कसं चालायचं? आज आगळ घातलं. उद्या आणि काय तरी. माझ्या पोरी हायत खाणाऱ्या." एवढं बोलून त्यांनी टोपी काढायला हात वर केला.

तो हात वर गेला तेव्हा मला शेडचं दार बंद झालेलं दिसलं. सौदा करताना एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. समोरचं माणूस उठलं की त्याला बस म्हणायचं नाही, त्याला काम द्यायचं.

मी म्हटलं, "टोपी राहू द्या. एक पेटी मासे अजून बर्फात आहेत. तुम्ही स्वतः पेटी निवडा, स्वतः फोडा. मी तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून करते. मीठ, बर्फ आणि मासा सोडून आत काही गेलेलं दिसलं तर काही न बोलता निघून जा."

त्या म्हणाल्या, संध्याकाळच्या आत त्यांना हेब्बाळचा पूल ओलांडायला हवा, नाहीतर गाड्यांच्या गर्दीत रात्र रस्त्यावरच जाते. मी म्हटलं, बेळ्ळंदूरहून आलेल्या माणसाला तुम्ही आज एवढा वेळ दिलात, तेवढाच मला द्या. त्यांनी घड्याळ बघितलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "पण मी आतच उभारणार."

मग सुरू झालं. मी बाहेरचं दार लावून घेतलं. भांडी, यंत्राचा पाट, सुऱ्या, सगळं बायकांकडून गरम पाण्याने धुऊन घेतलं, आगळाचा थेंबही कुठे राहू नये म्हणून. बाईंनी पेटी फोडली, मासे एकेक करून बघितले. यंत्र सुरू झालं. पांढरं मांस चाळणीतून लोकरीसारखं येऊ लागलं. पहिलं धुणं, दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी बाई पाण्यात बोट घालून जिभेला लावायच्या. मला राग आला आणि बरंही वाटलं. बोट घालणारं गिऱ्हाईक परत येतं.

दीर दाराशी उभा होता. मदत करू का, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तपासायला आला आहात, तपासा. मळायला घेतलं तेव्हा त्याने खिशातून तापमापक काढून पुढे केला. मांस मळताना जरा जरी गरम झालं तरी ते धरत नाही, म्हणून तो लागतोच. माझ्याकडचा गेल्याच आठवड्यात बिघडला होता. मी त्याच्या हातातला घेतला. घ्यायला लाज वाटली नाही. तो मूळचा माझ्याच शेडमधला होता, दांड्यावर माझ्या नखाने केलेली खूण अजून होती.

मीठ पडलं. बर्फाचा चुरा पडला. फिरणाऱ्या पात्याखाली मांस आधी सैल होतं, मग भांड्याच्या कडा सोडून एका जागी गोळा व्हायला लागतं. ते होतंय का, हे मी भांड्यावर वाकून बघत होते. एकदा पारा चढायला लागला. अक्काने न सांगता बर्फाची मूठ टाकली. पारा उतरला. गोळा चमकायला लागला. मी वळ्या केल्या, आधी कोमट पाण्यात घट्ट होऊ दिल्या, मग उकळत्या पाण्यात, मग बर्फात. गार व्हायला जो वेळ लागतो, त्या वेळात मी सुरी पुन्हा धुऊन पुसून ठेवली. सासूबाई पुढच्या खोलीत, मधल्या काचेपलीकडे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. लसूण सोलत नव्हत्या.

या वेळी सुरी बाईंनीच मागितली. चकती कापली आणि दिराच्या हातात दिली. त्याने एक घडी घातली. धरली. दुसरी घातली. माझी नजर त्याच्या अंगठ्यावर होती.

"कडेला भेग आहे," तो म्हणाला.

"ती सुरीची आहे," मी म्हटलं.

"वहिनी, मी आहे ते सांगतो."

"आहे ते सांगायची सवय कधीपासून लागली?"

बाईंनी आम्हा दोघांकडे दुर्लक्ष करून आणखी एक चकती कापली. स्वतःच्या हाताने एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, बोटांत दाबून धरली आणि उजेडाकडे नेली. मग सोडली. चकती हळूहळू उलगडत पुन्हा गोल झाली. भेग नव्हती. त्यांनी ती तोंडात टाकली, नीट चावून खाल्ली, आणि म्हणाल्या, "वास न्हाई. आगळ कशाला पायजे होतं ओ आजी?"

काचेपलीकडून सासूबाईंना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

माल पसंत पडला. पण बाईंनी अट घातली. आत फक्त कामावरची माणसं, टोपी घालून, हात धुऊन. बाहेरचं कोणीही नाही, घरचंही नाही. त्या न सांगता येणार, कधीही. एकदा जरी कोणी आत दिसलं तर काम संपलं. मी मान्य केलं, आणि लगेच दिराकडे वळले. लोखंड तापलेलं असताना मी कधी सोडत नाही.

"ऐकलंत ना, भाऊजी. आता आईंना इथे ठेवता येणार नाही. दिवसा तुमच्याकडे ठेवा."

तो गोंधळला. चौदावा मजला, तो आणि बायको दोघंही ऑफिसात, दिवसभर फ्लॅट बंद, खाली बागेत सगळे इंग्रजी बोलणारे. आई कोणाशी बोलणार, म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे इतकी वर्षं कोणाशी बोलत होत्या ते विचारा कधीतरी. आणि आमचं हे चाललं होतं तेव्हा आतलं दार उघडं होतं हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"माका काय मासळी समजलात?" सासूबाई म्हणाल्या. "ह्या पेटीतली काढून त्या पेटीत घालूक?"

त्यांनी खुर्ची स्वतः ओढली. पुढच्या खोलीतून आतल्या दारापर्यंत, बरोबर हात धुवायच्या नळाशी. "मी आत येवचंय नाय," त्या म्हणाल्या. "पण हयसून कोण आत जाता ता मी बघतलंय." आणि अक्काकडून एक टोपी मागून घेऊन डोक्यावर घातली. बाई पहिल्यांदा हसल्या. "बसू द्या," म्हणाल्या. "दाराच्या अलीकडं चालतंय मला."

काम सुरू होऊन आता बरेच महिने झाले. सासूबाई रोज त्या खुर्चीवर असतात. अक्काने त्यांना दोन कन्नड शब्द शिकवले, 'कै तोळी', म्हणजे हात धू. एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्यांना धाक बसवला आहे. बर्फवाला फाटकातूनच हात वर करून दाखवतो. मलाही एकदा परत पाठवलं, साबण नीट लावला नव्हता म्हणून.

गेल्या आठवड्यात दीर तपासणीला आला. एकटाच, न सांगता. सरळ आतल्या दाराकडे निघाला तशी सासूबाईंनी काठी आडवी धरली.

"कै तोळी."

"आये, मी आसंय."

"मग काय झाला? कै तोळी. नखां दाखय."

मी आतून काचेतून बघत होते. त्याने मनगटाच्या वरपर्यंत बाह्या सारल्या, साबण लावला. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून उलटसुलट केले, एकेक बोट बघितलं, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

माझा धंदा बंद झालाच नव्हता, हे दुकानदारांना त्याने अजून सांगितलेलं नाही. मीही विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही. आतली कडी माझ्या हातात होती. मी ती काढायला जरा वेळ लावला.